फोटोवाल्याचं पान

मांडवात आलेला एकूण एक माणूस जेवताना फोटोत दिसला पाहिजे, असं दादासाहेब खर्डेकरांनी मला बजावलं. एक जरी सुटला तरी अल्बम घेणार नाही, म्हणाले. शिवाय शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत आम्ही कॅमेरा खाली ठेवायचा नाही.

दादासाहेब आमच्या गावातल्या तेलगिरणीचे मालक. थोरल्या लेकीच्या लग्नानंतर कुणीतरी आवई उठवली होती, की खर्डेकरांच्या मांडवातून माणसं उपाशी गेली. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. मधल्या लेकीच्या लग्नात त्यांना गावाला पुरावाच दाखवायचा होता.

मी भगवान ठोंबरे, फोटो काढतो. माझी बायको वैजयंता व्हिडिओ काढते. आमच्या धंद्यात डोकं तिचं आणि पोट माझं. मी लगेच हो म्हणालो. जिथं जिलेबी असते तिथं मला नाही म्हणता येत नाही.

सकाळी सातला घोटभर चहा मिळाला, तेवढाच. दुपारी अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या. पहिली पंगत मी नेमानं टिपली. दुसरीपासून माझ्या फोटोंत माणसं पुसट आणि जिलेबी स्पष्ट यायला लागली. वैजूनं एक फोटो पाहून विचारलं, हा कुणाचा? नीट बघितलं तेव्हा मसालेभाताच्या मागं नवरदेवाचे मामा सापडले.

तिसऱ्या पंगतीला मला युक्ती सुचली. एका पाहुण्याकडून फेटा आणि उपरणं मागून घेतलं, फेटा डोक्यावर चढवला, कॅमेरा उपरण्याखाली दडवला आणि दोन म्हाताऱ्यांच्या मधे जाऊन बसलो. पान वाढून झालं. पहिला घास घ्यायला वाकलो, तशी माझ्या पोटानं कॅमेऱ्याची कळ दाबली आणि उपरण्यात लख्ख उजेड पडला. शेजारचे आजोबा हातातला घास तसाच धरून माझ्या पोटाकडे बघत राहिले. दादासाहेब मागंच उभे होते. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. माझं पान एका मास्तरांना मिळालं. त्यांचा जेवतानाचा फोटोही मलाच काढावा लागला.

शेवटची पंगत उठली. आचारी पातेली आवरायला लागले, तसा मी त्यांच्या मागं मागं फिरू लागलो. वैजू मात्र शांतपणे दादासाहेबांकडे गेली आणि कॅमेऱ्यातले फोटो दाखवू लागली. वऱ्हाडी, भटजी, बँडवाले, गाड्यांचे चालक, सगळे पानावर बसलेले दिसत होते. दादासाहेब खूश झाले.

मग वैजू म्हणाली, "दोन माणसं राहिलीत, दादासाहेब. सकाळपासून तुमच्या मांडवात आहेत. आता उपाशीच घरी निघालीत."

दादासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आचाऱ्यांना थांबवलं आणि विचारलं, "कोण? मी स्वतः त्यांना हाताला धरून आणतो."

"एक मी, दुसरे हे."

"तुम्ही तर फोटोवाले. तुम्हाला पाहुण्यांत कोण धरतं?"

"गाव धरेल की. अल्बम बघून कुणीतरी विचारणारच, एवढे फोटो ज्यांनी काढले ती माणसं कुठं जेवली? तुम्ही काय दाखवाल?"

दादासाहेबांनी आम्हाला ताबडतोब बसायला सांगितलं. मी अर्धा बसलोही होतो, पण वैजूनं माझी बाही ओढून मला पुन्हा उभं केलं. भुकेनं मला रडायला येत होतं.

ती म्हणाली, "बसतो, पण जोडीनं. आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत कॅमेरा खाली ठेवायचा नाही, हा तुमचाच हुकूम. आता शेवटची माणसं आम्हीच. मग कॅमेरा धरायचा कुणी?"

असं म्हणून तिनं कॅमेरा त्यांच्यापुढं केला.

दादासाहेबांनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की फेटा सावरायची वेळ आली. त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला. आचाऱ्यांना ताज्या पुऱ्या तळायला लावल्या आणि आमच्यासमोर उभं राहून फोटो काढले. त्यांतल्या एकातही माझं तोंड रिकामं नाही.

हात धुऊन आम्ही निघालो, तेव्हा त्यांनी धाकट्या लेकीच्या लग्नाचं काम वैजूच्या नावानं पक्कं केलं आणि आचाऱ्यांना तिथंच सांगून टाकलं, "त्या लग्नात पहिलं पान फोटोवाल्यांचं!"