टिकली, ठिपका आणि फिरत्या मुठीचा रॅचेट

नलूमावशीच्या पडवीत एक जुनी स्कूटर होती. स्कूटरच्या पोटात मऊ मऊ घरटं होतं. घरट्यात दोन उंदीर राहायचे. मोठी बहीण टिकली. धाकटा भाऊ ठिपका. टिकली एवढीशी. ठिपका तर तिच्याहूनही एवढासा!

एकदा टिकली दाणा आणायला गेली. इकडे मावशीने स्कूटर दुरुस्त केली. पत्रा लावला. नट आवळला. कर्र कर्र कट्ट!

टिकली परत आली. बघते तर काय? दारच नाही!

आतून आवाज आला, "चीं चीं! ताई, इथे अंधार आहे. मला भीती वाटते!"

टिकलीचं काळीज उडालं. धक धक! धक धक! मावशी चहा पीत होती. चहा संपला, की स्कूटर सुरू होणार. धडधड धडधड! पोट तापणार. आणि पोटात ठिपका!

टिकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"नटदादा, नटदादा, सूट ना!
भाऊ माझा निघेना!"

नट म्हणाला, "मी नाही सुटणार. मी घट्ट. रॅचेट फिरेल, तर मी सुटेन."

रॅचेट म्हणजे नट फिरवायचं हत्यार. टिकली हत्यारांच्या डब्यात शिरली. डब्यात काळोख. लोखंडाचा वास.

जाडा पाना म्हणाला, "नट आहे त्या कोपऱ्यात मी मावतच नाही!"

चकचकीत पाना म्हणाला, "शी! मी काळा होईन."

तळाशी होता एक स्वस्तातला रॅचेट. रविवारच्या बाजारातला. त्याची मूठ गोल गोल पिळायची, की डोकं फिरायचं. अडचणीच्या जागेत हाच कामाचा!

"रॅचेटदादा, रॅचेटदादा, फिर ना!
नट सुटेना,
भाऊ माझा निघेना!"

रॅचेट म्हणाला, "मी नाही फिरणार. माझी मूठ गुळगुळीत. हात सटकतो, सर्रर्र! मुठीवर ट्यूब बसेल, तर मी फिरेन."

टिकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. खिळ्यावर काय लोंबतंय? काळं काळं. लांब लांब. साप? बाप रे!

साप नाही काही. सायकलची जुनी ट्यूब ती.

"ट्यूबताई, ट्यूबताई, बस ना!
रॅचेट फिरेना,
नट सुटेना,
भाऊ माझा निघेना!"

ट्यूब म्हणाली, "मी नाही बसणार. मी लांबच लांब. कात्री कापेल, तर मी बसेन."

टिकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. कात्रीची पाती केवढी! टिकलीने शेपटी पोटाशी धरली.

"कात्रीबाई, कात्रीबाई, काप ना!
ट्यूब बसेना,
रॅचेट फिरेना,
नट सुटेना,
भाऊ माझा निघेना!"

कात्री म्हणाली, "मी नाही कापणार. मी गंजले. तेल गळेल, तर मी कापेन."

टिकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. फळीवर तेलाची बुधली.

"बुधलीताई, बुधलीताई, तेल दे ना!
कात्री कापेना,
ट्यूब बसेना,
रॅचेट फिरेना,
नट सुटेना,
भाऊ माझा निघेना!"

बुधली म्हणाली, "मी नाही देणार. मी उभीच्या उभी. मावशी उठेल, तर तेल गळेल."

टिकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. मावशीच्या कपात चहा उरला थोडासा!

"मावशी, मावशी, ऊठ ना!
तेल गळेना,
कात्री कापेना,
ट्यूब बसेना,
रॅचेट फिरेना,
नट सुटेना,
भाऊ माझा निघेना!"

मावशीला ऐकू आलं नुसतं चीं चीं. ती म्हणाली, "काय गं बाई वाजतंय हे? बघायला हवं. पण उठू कशी? मांडीवर बोका झोपलाय. झोपलेल्या बोक्याला आमच्याकडे कुणी उठवत नाही. बोका हलेल, तर मी उठेन."

बोका! टिकलीच्या मिशासुद्धा थरथरल्या. बोक्याच्या मिशा तर तिच्या शेपटीहून लांब. घुर्रर्र, घुर्रर्र.

टिकली हळूच म्हणाली, अगदी हळूच,

"बोकोबा, बोकोबा, हला ना!
मावशी उठेना,
तेल गळेना,
कात्री कापेना,
ट्यूब बसेना,
रॅचेट फिरेना,
नट सुटेना,
भाऊ माझा निघेना!"

बोका झोपेतच पुटपुटला, "मी नाही हलणार. दुधाची वाटी वाजेल, तर मी हलेन."

टिकली वाटीपाशी आली.

"वाटीताई, वाटीताई, वाज ना!
बोका हलेना,
मावशी उठेना,
तेल गळेना,
कात्री कापेना,
ट्यूब बसेना,
रॅचेट फिरेना,
नट सुटेना,
भाऊ माझा निघेना!"

वाटी म्हणाली, "मी आपली आपण कशी वाजू? कुणी वाजवेल, तर मी वाजेन."

टिकलीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता कुणाला सांगायचं? कुणीच उरलं नव्हतं. फक्त टिकली. आणि दोन उड्यांवर बोका!

"चीं चीं! ताई, ये ना गं!"

टिकलीने डोळे गच्च मिटले. शेपटी उचलली. आणि वाटीवर आपटली.

टण्ण!

वाटी वाजली. बोका हलला. म्यांव! टिकली बादलीमागे पळाली. बोका दूध पिऊ लागला. लप लप, लप लप.

मावशी उठली. म्हणाली, "कधीची चीं चीं ऐकतेय. नट ढिला राहिला वाटतं. आणि या रॅचेटची मूठ सारखी सटकते मेली! आज हिला नीटच करते."

तेल गळलं. टप टप. कात्रीने कापलं. कच कच. ट्यूब बसली. पच्च! रॅचेट फिरला. कर्र कर्र कर्र!

आणि नट सुटला?

नाही! नट आवळला! आणखी घट्ट! आणखी घट्ट!

"ताई, पत्रा जवळ येतोय!" ठिपका ओरडला.

रॅचेटच्या मानेमागे एक बारकी कळ असते. कळ अशी केली, की नट सुटतो. कळ तशी केली, की नट आवळतो. मावशीला नट ढिला वाटला होता ना? म्हणून तिने कळ तशीच ठेवली होती.

चहा संपला होता. बोक्याचं दूधही संपत आलं होतं. लप... लप...

टिकली बादलीमागून निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. स्कूटरवर चढली. कोपऱ्यात शिरली. रॅचेटच्या मानेवर उडी मारली. टुणुक! दोन्ही पायांनी कळ दाबली.

टक्क!

कर्र कर्र कर्र. नट सुटला! पत्रा पडला. खण्ण!

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "ढिला नट नव्हे, हे तर पिल्लू!"

ठिपका बाहेर आला. टिकलीने त्याचा कान तोंडात धरला. बोका वळला. म्यांव! दोघं भिंतीच्या बिळात गुडुप!

बिळात ठिपका टिकलीला चिकटला.

"ताई, तुला भीती वाटली?"

"हो रे. खूप खूप वाटली."

"मग?"

"मग काय? तू आत होतास ना!"

मावशीने पत्रा परत लावला. धडधड करत स्कूटर गेली. ठिपका टिकलीच्या कुशीत झोपला.

नट सुटला कर्र कर्र,
गोष्ट सुटली सर्र सर्र!