पडद्यामागची पेटी

“मास्तर, स्टेज नेमकं कुठं होतं हो?”

रमाकांतनं विचारलं. काठी टेकत भिकाजी मास्तर वाळूतून पुढं गेले, एका जागी थांबले आणि पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधी ते जन्मभर तसंच करत आले होते.

रमाकांत त्याच जागी बूट घालून उभा होता. त्यानं घाईघाईनं बूट काढले.

लहर थिएटर पाडून वर्ष उलटलं होतं. किनाऱ्यालगत सपाट केलेली जमीन आणि तिच्यावर चढलेली वाळू, एवढंच उरलेलं. एके काळी इथं इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचे कार्यक्रम व्हायचे, आणि बेलबॉटम घातलेली पोरं कुठून कुठून ट्रकला लटकून यायची. रमाकांत चोडणेकरचा रॅमी झाला तो इथंच. पुढं रेकॉर्डी निघाल्या, नाव झालं, गाडी आली, आणि या गावाकडं फिरकायला रॅमीसाहेबांना काही सवड झाली नाही.

आता गावानं या जागी दगड बसवायचं ठरवलं होतं. समारंभ उद्याच. दगडावर रॅमीचं गाजलेलं वाक्य कोरून तयार होतं: मला समुद्रानं शिकवलं.

पहिल्या कार्यक्रमात निवेदकानं माइकवर विचारलं होतं, तुमचे गुरू कोण? केस मागं सारत रॅमीनं हे उत्तर ठोकून दिलं. पोरांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

समुद्र कसला शिकवतोय. शिकवलं होतं भिकाजी मास्तरांनी, पहाटे उठवून, स्वतःच्या ओसरीवर बसवून. त्या कार्यक्रमातही ते मागच्या पडद्याआड पायपेटी घेऊन बसले होते, कारण रॅमी घाबरला की त्याचा सूर जायचा. धोतरातला माणूस गिटारवाल्यांत शोभणार नाही, तुम्ही आपले मागं बसा, असं सांगणारा रॅमीच.

मास्तरांना ते वाक्य ऐकू गेलं नसणार, अशी त्यानं मनाची समजूत घालून घेतली होती. पोरांचा गोंगाट, समुद्राची गाज, शिवाय मास्तर कुठं लांब मागं... या समजुतीवर त्याचं आयुष्य निभावलं. आजही तो आला होता ते मास्तरांना उद्याचं आमंत्रण द्यायला, आणि दगडावर काय कोरलंय ते जमलं तर न सांगायला.

“तू कुठं उभा होतास?” मास्तरांनी विचारलं.

“मधोमध. माइकपाशी.”

“मग राहा उभा.”

तो समुद्राकडं पाठ करून उभा राहिला. मागं मास्तर काठीच्या आधारानं हळूहळू खाली बसले.

“मी इथं होतो.”

रमाकांतनं वळून पाहिलं. हात लांब केला असता तर मास्तरांच्या खांद्याला लागला असता.

“इतके जवळ?”

“मध्ये नुसतं कापड होतं रे.”

रमाकांत दोघांमधलं अंतर नजरेनं मोजत राहिला.

“बोल,” मास्तर म्हणाले. “तेव्हा बोललास ते.”

म्हणजे दगडावरचं वाक्य त्यांना ठाऊक होतं.

“नको, मास्तर.”

“बोल की.”

रमाकांतनं तोंड फिरवलं. तो कसाबसा पुटपुटला, “मला समुद्रानं शिकवलं.”

त्याचं त्यालाच धड ऐकू आलं नाही. आणि मास्तर तर आता ऐंशीच्या पुढचे, घरातली माणसं त्यांच्याशी ओरडून बोलायची.

“आलं ऐकू,” मास्तर म्हणाले.

“...आणि तेव्हा?”

“तेव्हा तर कान शाबूत होते.”

रमाकांतला अशी लाज वाटली की मागं वळून बघायचं धैर्य होईना. एवढी वर्षं जो माणूस लांब बसलाय म्हणून तो निवांत होता, तो त्याच्या पाठीशीच बसलेला होता.

त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीकडं गेला. गुरूचं नाव घेताना कानाला हात लावायचा, ही सवय ओसरीवरच लागलेली. माइक हातात आल्यावर तीच आधी सुटली होती.

“मला भिकाजी मास्तरांनी शिकवलं,” तो समोर बघून म्हणाला. आवाज फुटला. समोर कोणी नव्हतं, वाळूत एक कुत्रं झोपलं होतं तेवढंच.

“उद्या सगळ्यांसमोर हेच सांगेन. दगड बदलून घेईन.”

मास्तर धोतरावरची वाळू झटकत राहिले.

“पण मास्तर... तुम्ही ऐकलंत. मग तेव्हाच उठून का नाही गेलात? शेवटच्या गाण्यापर्यंत मला सूर देत बसलात. का?”

मास्तरांनी मान वर केली. त्यांना या प्रश्नाचं नवलच वाटलेलं दिसलं.

“अरे, तेव्हाच तर तुला सुराची गरज होती.”