केतकीचा उठवण्याचा धंदा

कॉलेजात नियम निघाला, की प्रत्येकाने स्वतःचा धंदा काढून त्यातून शिकायचं आणि मार्क मिळवायचे. केतकी दुसानेने वसतिगृहातल्या झोपाळू मुलींना पहाटे उठवून द्यायचा धंदा काढला. कुणाला ती पंखा बंद करून उठवी, कुणाला मेसमधले पोहे संपल्याची बातमी देऊन.

धंद्यांच्या प्रदर्शनात प्राचार्य दाभाडे भडकले. "यात शिकायचं काय? शून्य मार्क!" म्हणजे केतकीचं वर्षच बुडालं.

तेवढ्यात व्यासपीठावर संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब घोरू लागले, आणि पुढचं भाषण त्यांचंच! दाभाडे सर खाकरले, खोकले. घोरणं उलट रंगात आलं. हात लावायची कुणाची छाती होईना.

"उठव गं बाई," सर केतकीजवळ येऊन कुजबुजले, "पण झोपले होते असं त्यांना वाटता कामा नये."

केतकीने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सगळं सभागृह वाजवू लागलं. आबासाहेब ताडकन उठले, हात जोडून म्हणाले, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो!"

सरांनी मुकाट्याने पूर्ण मार्क दिले. "हे शिकलीस कुठं?"

"धंद्यातच, सर. गिऱ्हाईक कशाने जागं होतं, ते आधी ओळखायचं."

"असं? मग मी कशाने जागा होतो?"

"तुम्हाला काही करावं लागत नाही, सर. अध्यक्ष झोपले की तुम्ही आपोआप जागे होता."