साहेबांचा दीर्घ श्वास

मोहरवाडीतून घाट उतरून दवाखान्यात जायला एकच गाडी होती, सगुणाबाई कोंढाळकरांची वीस वर्षांची जीप. तीच भंगारात काढायला तालुक्याहून वाहन निरीक्षक रणपिसे आले. नियमात धूर तपासायची सोय होती, पण साहेबांना सवड कुठली?

"एवढ्या जुन्या गाडीत तपासायचं काय? धूरच ओकणार ती!" असं म्हणून त्यांनी गावाला मांडवात बसवलं आणि माईक हातात घेतला.

साहेब तासभर बोलले. मधेच छाती भरून श्वास घेत म्हणाले, "अहाहा! काय स्वच्छ हवा आहे तुमच्याकडे! जुन्या गाड्यांना ही हवा नासवू देणार नाही मी."

भाषण संपलं तशा सगुणाबाई उठल्या. "साहेब, सकाळपासून गावात वीज नाही."

"मग हा माईक कसा चालला?"

"वीज गेली की आम्ही कर्णा जीपच्या बॅटरीवर लावतो. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवतो."

त्यांनी साहेबांच्या खुर्चीमागचा पडदा सारला. कर्ण्याच्या आवाजात ऐकू न आलेली जीप तिथेच हळू गुरगुरत होती. धुराचं नळकांडं थेट साहेबांच्या पाठीशी होतं.

"तासभर हिच्याच धुरात बसून तुम्ही हवेचं कौतुक केलंत."

मांडव खदखदून हसला. साहेबांनी धूर मोजायचं यंत्र मागवलं आणि जीप पास झाली. डायलिसिसला निघालेल्या बाबू गुरवांना घेऊन ती लगेच घाटाला लागली, त्यामुळे साहेबांचं समारोपाचं भाषण मात्र राहून गेलं.