दोन आळ्यांमधले गवत

त्या मुलखात बऱ्याच वर्षांत वणवा आला नव्हता, त्यामुळे तिथले गवत फार निर्धास्त वाढले होते.

डोंगराच्या एका सोंडेवर दोन आळ्या होत्या. मावळतीकडे ससे राहत, उगवतीकडे साळिंदरे. मधल्या उतारावर उंच वाळके गवत माजले होते आणि त्यात घाणेरीची झुडपे एकमेकांत गुंतली होती. हे रान कोणालाच नकोसे नव्हते. सशांना त्याच्या काठाला मऊ बिछाने मिळत, साळिंदरांना सावली मिळे, बुलबुलांना फळे. शिवाय पलीकडच्यांची तोंडे दिसत नसत, ही सोय तर दोन्ही आळ्यांना मनापासून आवडे.

एके दिवशी दूरच्या डोंगरावरून एक भेकर लंगडत साळिंदरांच्या आळीत आले. त्याचे खूर भाजले होते आणि पाठीवरचे केस करपले होते. आळीतली सर्वांत वडीलधारी साळिंदरीण, जिला सगळे साळूआत्या म्हणत, तिने त्याला आपल्या बिळाच्या तोंडाशी सावलीत बसवले आणि ओले कंद खायला दिले. खाता खाता भेकराची नजर उतारावर गेली आणि त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला.

“आमच्याकडेही असंच होतं,” ते म्हणाले. “असंच दाट. फार छान झोप लागायची त्यात.”

भेकर पुढे निघून गेले. साळूआत्या मात्र उतारापाशी गेली, घाणेरीच्या एका बुंध्याला तिने दात लावले आणि तो कुरतडून पाडला. मग दुसरा. आळीतले तिला हसले. कोणी म्हणाले, आत्याला आता म्हातारचळ लागला. तिचाच पुतण्या भराडी चिडून म्हणाला, “अगं, इतक्या वर्षांची सावली तोडतेस? आणि पलीकडचे ससे दिसायला लागले म्हणजे?”

“दिसू देत की. चावत नाहीत ते,” आत्या म्हणाली आणि कुरतडत राहिली.

ती जे पाडी ते ओढून लांब ओढ्यात टाकी आणि उरलेली माती उकरून उघडी करी. असा हळूहळू उताराच्या वरपासून खालपर्यंत एक बोडका पट्टा तयार होऊ लागला. मधोमध आल्यावर एका झुडपातून बुलबुलीण बाहेर झेपावली. रागाने तिचा तुरा ताठ झाला होता.

“आत्या, माझी पिल्लं आहेत गं आत! अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत त्यांनी.”

आत्या खाली बसली. झुडपात डोकावून म्हणाली, “बरं. तुझं झुडूप राहू दे. पण त्याच्या भोवतीचं काहीच ठेवणार नाही मी. रागावलीस तरी चालेल.”

बुलबुलीण रागावलीच. पण आत्याने झुडपाच्या बुडातली वाळकी पाने हलकेच ओढून काढली, तेव्हा ती वरून वाकून बघत होती.

तेवढ्यात पलीकडूनही कुरतडण्याचा आवाज येऊ लागला. आत्याने कान दिला. शेवटचा गवताचा पडदा आडवा झाला आणि समोर कापशी दिसली, सशांच्या आळीतली म्हातारी ससीण. एका कंदावरून भांडण झाल्यापासून दोघींची गाठ पडली नव्हती.

“तुझ्या दातांचा आवाज ओळखला,” कापशी म्हणाली. “म्हटलं, ही उगाच कुरतडणार नाही.”

“म्हातारी झालीस गं,” आत्या म्हणाली.

“तू काय कोवळी आहेस?”

राहिलेले काम दोघींनी मिळून उरकले. कामात भांडल्याही, कारण कापशीला वाटे पट्टा पुरेसा रुंद झाला आणि आत्याला ते कधीच वाटत नसे.

वणवा मावळतीकडून आला, भर दुपारी. वारा त्याच्या बाजूने होता. सशांचे गवताचे बिछाने बघता बघता पेटले आणि सगळी आळी पिल्लांना तोंडात धरून, म्हाताऱ्यांना ढकलत मोकळ्या पट्ट्यावर धावली. पूर्वी तिथे घाणेरीचे जाळे होते. त्यातून एकही ससा निसटला नसता. उगवतीच्या काठावर साळिंदरे उभी होती. सर्वांत पुढे भराडी होता आणि ओरडत होता, “इकडे! आमच्या बिळांत या! जागा आहे!”

आग पट्ट्याच्या कडेला येऊन थांबली, पण एक ठिणगी उडून बुलबुलिणीच्या झुडपावर पडली. एक फांदी धुमसू लागली. बुलबुलीण पंख पसरून घरट्यावर बसून राहिली. तेव्हा सशांनी आपल्या जळत्या घरांकडे पाठ केली आणि मागच्या पायांनी झुडपावर मातीचा असा मारा केला की बुलबुलीण, पिल्ले, घरटे सगळे मातकट होऊन गेले. फांदी विझली. झुडपाच्या बुडाशी माती लोटताना साळूआत्याचे शेपटीकडचे काटे करपले. कापशीने ते हुंगले आणि पहिल्यांदाच तिला रडू आले.

त्यानंतर बरेच दिवस ससे साळिंदरांच्या बिळांत राहिले. काटे टोचतात म्हणून कुरकुरत राहिले, पण राहिले. पाऊस होऊन जमीन हिरवी झाली, तेव्हा ते आपल्या बाजूला परतले.

हिवाळा सरता सरता दोन्हीकडचे गवत पुन्हा उंच होऊन वाळू लागले. साळूआत्याने एका दगडावर दात घासले आणि ती पट्टा साफ करायला निघाली. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ती हळूहळू चालत गेली. कापायला तिला एक काडीही सापडली नाही. सगळीकडे सशांच्या आणि साळिंदरांच्या पावलांखाली तुडवली जाऊन माती गुळगुळीत झाली होती, आणि समोरून कापशी तोंडात एक कंद धरून येत होती.