तांबड्या फुल्यांचं पुस्तक

“तात्या, आजवर कुणी अडलंय का हो? स्टेजवर... मधेच?”

दुसरी घंटा होऊन गेली होती. हेरंब करडे राजाचा मुकुट हातात धरून विंगेत उभा होता.

कासार गल्लीने भांड्यांच्या वखारीत हे नाट्यगृह उभं केलं, त्याला साठ वर्षं झाली. दर वर्धापनदिनी तेच नाटक. राजे तेवढे बदलत गेले. यंदाच्या राजाने तालमीत सगळ्यांदेखत तात्या पोटफोड्यांना सुनावलं होतं, “तुमचं पुस्तक मिटा. मला प्रॉम्प्टर लागत नाही.”

तात्यांनी ते निमूट मिटलं होतं.

आणि आता स्वारीला पहिलं वाक्यही आठवेना! बाहेर अख्खी गल्ली येऊन बसलेली. मागच्या दाराची कडी हेरंबने दोनदा काढली आणि दोनदा लावली होती.

तात्यांनी पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. पानोपानी तांबड्या पेन्सिलीच्या फुल्या. प्रत्येक फुलीशेजारी एक नाव आणि साल.

“जो जिथं अडला, तिथं त्याचं नाव. पहिल्या वर्षापासूनची पद्धत आहे.”

दर्शनी भिंतीवर ज्यांच्या फोटोंना हार होते, त्यांचीच ही नावं. दरबाराच्या प्रवेशात तर फुल्यांची नुसती दाटी. एवढे मोठे लोक जिथे अडले तिथे आपलं काय होणार, या विचाराने हेरंब भराभर पानं उलटू लागला. एका ओळीपाशी त्याचं बोट थांबलं.

“हे... आमचे अण्णा?”

“तीन वर्षं. त्याच वाक्याला.”

“घरी तर म्हणायचे, मी कधी अडलो नाही.”

“घरी सगळेच म्हणतात.”

“त्यांना भीती वाटायची?”

“मुकुट मीच घालायचो. त्यांचे हात थरथरायचे.”



“म्हणजे न अडलेला एकही नाही?”

तात्यांनी पुस्तक मिटून काखेत धरलं.

“एक होता. अक्षर चुकला नाही. घाबरला तर मुळीच नाही.”

“भिंतीवर तर सगळे फुल्यांचेच. मग त्याचा फोटो कसा नाही?”

तिसरी घंटा झाली. तात्यांनी मुकुट हेरंबच्या डोक्यावर नीट बसवला, आपल्या स्टुलावर जाऊन बसले आणि बॅटरी लावली.

“लोकांना त्याच्यात राजा दिसलाच नाही. पुढच्याच वर्षी गल्लीनं त्याच्या हातात हे पुस्तक दिलं.”