चुन्याने जोडलेले शंख

शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या त्या किनाऱ्यावर शंख बदलायला मनाई होती. जन्मतः मिळालेला शंख अखेरपर्यंत पुरतो, असे तिथे मानत. अंग वाढून शंख आवळू लागला की खेकडे ते स्वतःचे पाप समजत आणि खाणे कमी करत. लग्न झालेल्यांचे शंख थोरले चुन्याने एकमेकांना जोडत. एक मेला, की त्याच्या शंखाचे तोंडही चुन्याने बंद करत आणि दुसरा तो ओढत फिरे. शेवटची भरती येईल तेव्हा जोडलेलेच तेवढे एकत्र जागे होणार होते.

फेणी तिच्या सारंगचा शंख तीन वर्षे ओढत होती. तिचा स्वतःचा शंख आता इतका आवळत होता की एक पाय बधिर झाला होता. दर मोठ्या ओहोटीला थोरले विचारत, "शंख बसतो ना?"

"बसतो," ती म्हणे.

"ताई, पाय काळा पडलाय तुझा," एकदा धाकटी बहीण जुई कुजबुजली.

"हळू बोल. कमी खाल्लं की बसेल."

"आणखी किती कमी? वाळू चाटून जगतेस की!"

त्या दिवशी फेणीने सारंगच्या शंखाच्या तोंडावरचा चुना नांगीने टोकरून काढला. आत तो झोपलेला असतो, असे थोरले सांगत. आत काही नव्हते. तिने हाक मारली. तिचाच आवाज फिरून परत आला.

मग ती स्वतःच्या शंखातून बाहेर पडली. आपले अंग इतके मऊ आहे हे तिला ठाऊक नव्हते. वरून घारीची सावली सरकली.

"आत जा, ताई! भावजी तुला कधीच भेटायचे नाहीत!" जुई ओरडली.

"ते तिथे नाहीत गं."

जुईने आत सरून नांगीने आपले दार लावून घेतले.

खडकाच्या कपारीत फेणीला एक रिकामा शंख दिसला. तो कोणाचा, टिकेल का, हे सांगणारे कोणी नव्हते. घार खाली झेपावली तशी ती पाठमोरी आत शिरली.

शंख मोठा होता. तिच्या मागे बरीच जागा उरली, काळोखी आणि गार. तिथे कोणी असेल म्हणून तिने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिले. कोणी नव्हते. ती आक्रसून बसली.

पाणी वाढत आले आणि शंख जागचा हलला. मागच्या त्या रिकाम्या जागेमुळे तो अलगद वर उचलला गेला. फेणीने पाय खाली सोडले, वाळू लागेना.